पाव फेरा

२ फेब्रुवारी

आज दुपारी लेकीच्या घरी मुक्काम हलवला. तिसरा मजला. लिफ्ट आहे, पण तिचं दार मिटल्यावर खाली दोन सूत फट राहते हे माझ्या लगेच लक्षात आलं, म्हणून जिन्यानेच चढलो. वर पोचल्यावर ते सांगितलं तर खुंटी म्हणाली, बाबा, अजून चप्पलसुद्धा काढली नाहीत आणि झालात का सुरू.

खुंटी म्हणजे माझी लेक. लहानपणी माझ्या दंडाला लोंबकळायची ती काही केल्या सोडायची नाही, म्हणून खुंटी. आता तिच्या केसांत पांढरं दिसतं, पण नाव तेच. शाळेतलं नाव मला नुसतं कागदावर सही करताना आठवतं.

खोली छान आहे. खिडकीला रुंद दगडी कठडा आहे, खाली रस्ता, समोर न्हाव्याचं दुकान. खुंटीच्या कपाटाचं दार घासत होतं. मी हत्यारांची पेटी बरोबर आणलीच होती, जेवणाआधी रंधा मारून टाकला. जावईबापू म्हणाले, दोन वर्षं ते दार मला सतावत होतं. जावईबापू दिवसाला पंधरा-वीस शब्द बोलतात, त्यातले आठ माझ्या वाट्याला आले. मला बरं वाटलं.

ही वही दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दिली. उद्या माझ्या जबड्यात स्क्रू बसवणार, मग वर दात. तो बसेपर्यंत रोज काय खाल्लं, कुठे दुखलं, ते लिहायचं. माझी शाळा चौथीपर्यंतच. मापं लिहिण्यापलीकडे पेन्सिल कधी चालवली नाही. पण लिहायचंच तर माझ्या चपट्या पेन्सिलीने लिहीन, पटाशीने टोक काढून. खुंटीने पेन देऊ केलं होतं, ते परत केलं.

रात्रीचं जेवण: सगळं. उद्यापासून बंदी म्हणून भाकरीचा कडक पापुद्रा मुद्दाम मागून खाल्ला.

३ फेब्रुवारी

झालं. वरचा जबडा, डावी बाजू, सुळ्याच्या मागची जागा. पन्नास वर्षं मी खिळे तिथेच धरत आलो. दोन्ही हात कामात असले की सुताराचा तिसरा हात म्हणजे दात. तो गेल्या वर्षी उभा चिरला.

सुई टोचल्यावर काही कळलं नाही, नुसता आवाज. आवाज ओळखीचा होता, बारीक गिरमिटाचा. बाई म्हणाल्या, आजोबा, मी पण तुमच्यासारखी सुतारच, फक्त जागा अडचणीची. हसायचं होतं, पण ओठ जागेवर नव्हता.

मग त्या म्हणाल्या, हाड पातळ आहे, स्क्रूला धरायला पुरणार नाही, पोकळी भरावी लागेल. एका बाटलीतून पांढरी भुकटी काढली. हाडाची. कुणीतरी मेल्यावर दान केलेलं हाड, स्वच्छ करून, वाळवून, दळून येतं. काही महिन्यांत ते तुमच्याशी एकजीव होईल, म्हणाल्या. कुणाचं, ते कुणालाच ठाऊक नसतं.

तोंड उघडं असल्यामुळे मला बोलता आलं नाही, नाहीतर सांगितलं असतं. आम्हीही भेग बुजवतो. भुसा आणि सरस कालवून. पण सागाच्या भेगेत सागाचाच भुसा भरावा लागतो. दुसऱ्या लाकडाचा भरला की पॉलिश केल्यावर तो डाग म्हणून वर येतोच, कितीही घासा.

खाल्लं: काही नाही. गार दूध, नळीशिवाय. नळीने ओढायचं नाही, गुठळी निघते म्हणे.

५ फेब्रुवारी

गाल सुजून पाव झालाय. सकाळी गार दही. दुपारी मऊ भात, दोन बोटांनी कुस्करलेला. संध्याकाळी कोमट सूप. डावीकडे चावायचं नाही, जीभ लावायची नाही, खाकरायचं नाही, जोरात थुंकायचं नाही. मी विचारलं, श्वास घेऊ का. खुंटी म्हणाली, हळू.

मधल्या वेळी तिने केळं कुस्करून आणलं. केळ्याचा वास आला तरी मला मळमळतं, हे तिला चांगलं माहीत आहे. मी वाटी परत पाठवली. ती म्हणाली, तुमची आवडनिवड सांभाळता सांभाळता आई गेली. मग तिलाच वाईट वाटलं आणि तिने बिनसाखरेचा चहा गार करून आणून दिला.

दुखणं: आहे, पण सांगण्यासारखं नाही. धाकटं बोट मशीनच्या करवतीत गेलं होतं, त्यापुढे हे काहीच नाही.

९ फेब्रुवारी

सूज उतरली. एक गोष्ट लिहून ठेवतो. सूप पिताना मी ते चावत होतो.

मला कळलंच नाही. जावईबापूंनी चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले, तेव्हा लक्षात आलं. जबडा हलत होता, सावकाश, अगदी रवंथ केल्यासारखा. मी आयुष्यभर भराभर जेवलोय. कारखान्यात वीस मिनिटांची सुट्टी असायची. खुंटी म्हणाली, बरं आहे, या निमित्ताने तरी सवय लागेल.

पण सूप कोण चावतं?

मी जबडा दाबून धरला. हात काढल्यावर तो राहिलेले हेलकावे पूर्ण करूनच थांबला.

१२ फेब्रुवारी

आज केळं खाल्लं. दोन.

खुंटी बाजारातून आली, पिशवी टेबलावर ठेवली, आणि तोंडाला पाणी सुटलं. मला मळमळत होतं आणि तोंडाला पाणी सुटत होतं, दोन्ही एकदम. सोलून खाल्लं. तोंड मिटक्या मारत होतं. वर चहात साखर मागितली. खुंटीने टाळी वाजवली.

औषधामुळे चव बदलते असं तिने मोबाईलवर वाचून दाखवलं. बदलत असेल.

१४ फेब्रुवारी

टाके काढले. बाई फार खूश. हिरडीतून स्क्रूची टोपी डोकावते, चकचकीत, तिच्यावर बारीक खाच आहे. खुंटीचा हातातला आरसा तोंडाखाली धरून नीट पाहून घेतली. खाच गालाशी तिरपी आहे. चांगला कारागीर सगळ्या स्क्रूंच्या खाचा एका रेषेत ठेवतो. तसं बाईंना सांगणार होतो, पण तोंडातून निघालं, फार सुंदर काम आहे, मॅडम. मी मॅडम कधी कुणाला म्हटलेलं नाही.

खाल्लं: भात, उकडलेला बटाटा, केळं, केळं.

१६ फेब्रुवारी

सकाळी खुंटीने चहा आणून ठेवला आणि मी म्हणालो, ठेवा वहिनी.

ती हसून हसून लोळली. नवऱ्याला जाऊन सांगितलं की बाबा मला वहिनी म्हणाले, आता तुम्ही त्यांचे भाऊ. मीही हसलो. म्हणजे तोंड हसलं.

मग खोलीत येऊन दार लावलं आणि तिचं नाव घेऊन पाहिलं. भिंतीकडे तोंड करून. येत नाही. कपाट येतं, रंधा येतो, करवत येते, पटाशी येते. तो एक शब्द ओठांपाशी आला की जबडा नुसता आ वासून राहतो, अनोळखी माणसाला पत्ता विचारल्यासारखा.

त्याला ते नाव माहीत नाही.

लिहिलं खरं. खोडत नाही.

१७ फेब्रुवारी

विचार केला. घाबरून भागणार नाही. माझ्या लाकडात दुसऱ्याचा भुसा भरलाय आणि स्क्रूने त्याला आवळून धरलंय. स्क्रू निघाला की भुसा गळून पडेल. एवढंच काम आहे. आयुष्यभर हेच केलं.

बाईंकडे जाऊन काय सांगू? आणि सांगणार कुठल्या तोंडाने?

पेटीतला, बिजागरीचे स्क्रू फिरवायचा छोटा पेचकस उकळून घेतला. न्याहारीनंतर खुंटी अंघोळीला गेली की आरसा उशीला टेकवायचा. जुना, जाम स्क्रू एकदम फिरवायचा नसतो, डोकं तुटतं. रोज पाव फेरा. उजवीकडे घट्ट, डावीकडे सैल. पंधरा-वीस दिवसांत हातात येईल.

पेचकस जवळ नेला तशी एक गंमत झाली. तोंड आपणहून मोठं उघडलं, जबड्याची कड दुखेपर्यंत. घाबरला असेल लेकाचा.

हाताला जरा उलटंपालटं वाटलं. जागा अडचणीची, मनगट वर वळलेलं. पण आरशात खाच डावीकडे सरकताना स्वच्छ दिसली. आमचे वस्ताद म्हणायचे, डोळा फसतो, हाताचं ऐक. पण वस्तादांनी कधी स्वतःच्या तोंडात पेचकस घातला नव्हता.

पाव फेरा. पहिला.

१९ फेब्रुवारी

तिसरा पाव फेरा. दुखतं. दुखू दे.

जेवताना आतला तो कसलीच तक्रार करत नाही, सगळं खातो. भोपळा खाल्ला. भोपळा मी आईच्या हातचाही खाल्ला नव्हता. प्रत्येक घास मोजून चावतो. बत्तीस. मी मध्येच गिळायला गेलो की घसा मिटतो. बत्तीसच.

मोज बाबा. किती दिवस मोजशील.

२२ फेब्रुवारी

सहावा.

खुंटी आज माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, बाबा, इथे येऊन तुम्ही किती निवळलात. आधी भीती वाटायची, तीन महिने कसे जातील, तुमची किरकिर, लिफ्ट, गॅस, कड्या. आता घरात किती शांत वाटतं. जावईबापूही म्हणाले, खरंय. म्हणजे त्यांनासुद्धा तो आवडला.

तोंड म्हणालं, तू दमतेस गं, बाळ.

बाळ! मी तिला जन्मात बाळ म्हटलं नाही. ती पाळण्यात होती तेव्हाही नाही. तिचे डोळे भरून आले. पोरीने चाळीस वर्षं वाट पाहिली असेल त्या शब्दाची, आणि तो दिला कुणी, तर भुकटीने.

मी किरकिऱ्या असेन. आहेच. पण गॅसचं बटण मी उगाच नव्हतो बघत. तिच्या आईने दोनदा गॅस उघडा ठेवला होता. हे तिला मी कधी सांगितलं नाही, आता सांगता येत नाही.

२४ फेब्रुवारी

आठवा पाव फेरा सकाळी दिला. मग ठरवलं, लपवाछपवी पुरे. हात तर माझा आहे. वही खुंटीच्या पुढ्यात ठेवली.

उभ्या उभ्या वाचली तिने. रंग उतरला. खाली बसली. म्हणाली, बाबा, हे काय आहे? खरं सांगा.

तोंड हसलं. म्हणालं, म्हातारपणाचे चाळे गं, बाळ. दिवसभर बसून करायचं काय, भुताची गोष्ट लिहून बघत होतो. मी मान हलवत होतो, नाही, नाही, दोन्ही हात हलवत होतो. आणि तोंड म्हणत होतं, बघ, हातसुद्धा कापायला लागलेत माझे.

तिने डॉक्टरीणबाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, या वयात औषधांनी कधी कधी भ्रम होतो, हत्यारं तेवढी दूर ठेवा, तपासणीला घेऊन या. पेटी तिच्या कपाटात गेली. तेच कपाट, ज्याचं दार मी नीट केलं.

छोटा पेचकस सदऱ्याच्या खिशात पेन्सिलीशेजारी होता. तो राहिला.

वही परत देताना तिने तिच्यावर हात फिरवला. म्हणाली, गोष्ट छान आहे, पण मला घाबरवू नका.

२७ फेब्रुवारी

अकरावा पाव फेरा. मग तपासणी.

जबड्याचा आतला फोटो काढला. बाईंनी तो दिव्यासमोर धरला. म्हणाल्या, तीन महिने लागतात ते तुमचं महिन्यात झालंय, इतकं घट्ट धरलेलं मी पाहिलं नाही. स्क्रू खोलसुद्धा छान गेलाय.

घट्ट? मी अकरा पाव फेरे सैल केलाय.

कागदावर लिहून दाखवलं: काढा. बाईंनी तो वाचून खुंटीकडे पाहिलं. खुंटीने मान खाली घातली. तोंडाने मधल्या मध्ये विचारलं, दात कधी बसेल, मॅडम, पाहुण्यासारखं किती दिवस जेवायचं.

पाच तारखेला बसवू, म्हणाल्या. एकदा वर दात चिकटवला की खाच झाकली जाईल. मग फिरवायला काही उरणार नाही.

सहा दिवस.

१ मार्च

तेरावा. फेरा द्यायला गेलं की तोंड आ करून तयारच असतं.

काल आणि आज जेवलो नाही. ठरवून. उपाशी मार म्हटलं त्याला. खुंटी वाटी घेऊन आली की मी मान फिरवायचो. दुपारी तोंड म्हणालं, आणा वहिनी, उगाच हट्ट करत होतो. आणि हात पुढे झाला. माझा हात. पेन्सिलीचा हात. तोंडापर्यंत गेला आणि चमचा आत गेला.

एक, दोन, तीन. बत्तीस.

संध्याकाळी टॉवेलने जबडा आवळून डोक्यावर गाठ मारून बसलो. आरशात बघितलं तर गाजराच्या जुडीसारखा दिसत होतो. हसू आलं. डोळ्यांत आलं. डोळे अजून माझे आहेत.

बस तू आत. मी पण बसलोय.

३ मार्च

सकाळी पंधरावा पाव फेरा दिला.

मग समोरचा न्हावी वर आला. मिशा कानापर्यंत, म्हणून सगळे त्याला मिशीवाला म्हणतात. गालाला धक्का लागू नये म्हणून खुंटीने त्यालाच घरी बोलावलं. साबण लावता लावता याच्या गप्पा. सोसायटीतले अर्धे लोक टकले आहेत आणि तरी महिन्याला येतात, म्हणे, आशा वाईट. खुंटीचा आरसा उशीपाशी दिसला तसा म्हणाला, काका, स्वतः करत होतात की काय? आरशात बघून हत्यार चालवू नका हां. आम्हाला पहिल्या दिवशी तेच शिकवतात. मी नवा होतो तेव्हा आरशात बघून माझाच कल्ला कापायला गेलो होतो. डावीकडे न्यायचा वस्तरा उजवीकडे गेला. आरशात डावं ते उजवं, काका. फिरवणं पण उलटं. गिऱ्हाइकाला चक्कर येते, न्हाव्याला येऊन चालत नाही.

तो बोलतच होता. मला पुढचं ऐकू आलं नाही.

आरशात डावं ते उजवं.

पंधरा पाव फेरे. पावणेचार फेरे घट्ट. मीच. माझ्या हाताने. रोज न्याहारीनंतर. हात पहिल्याच दिवशी सांगत होता.

म्हणून तोंड उघडायचं.

मिशीवाला गेल्या गेल्या पेचकस काढायला खिशात हात घातला. त्याच्या आधी तोंड ओरडलं. माझ्या आवाजात, माझ्यासारखंच. बाळ, लवकर ये, माझ्या खिशात पेचकस आहे, काढून घे, मला स्वतःची भीती वाटते.

त्यानेही ऐकलं होतं ना. कान एकच.

खुंटीने पेचकस काढून घेतला. मला जवळ घेतलं. रडली. तिच्या खांद्यावर माझी हनुवटी होती आणि तोंड तिच्या कानात सांगत होतं, आता सगळं ठीक होईल.

३ मार्च, दुपार

खुंटी बाहेरच्या खोलीत. दार उघडं ठेवायला लावलंय.

सुताराचं हत्यार काढून घेतलं म्हणजे सुतार संपला असं ज्याला वाटतं, त्याने सुतार पाहिलेला नाही. दह्याचा चमचा ठेवून घेतला. दांडा चपटा आहे. खिडकीच्या दगडी कठड्यावर घासतोय. थुंकी लावून. चाळीस घासण्या एका बाजूने, चाळीस दुसऱ्या.

तोंड गुणगुणतंय. आवाज झाकायला नाही. तिला बोलवायला. मी खोकतो. तो गुणगुणतो. मी खोकतो.

धार नको, कड हवी. खाचेची जाडी माझ्या नखाएवढी. येईल.

४ मार्च

उद्या दात.

जावईबापू गेले. खुंटी अंघोळीला. पाणी पडतंय. दहा मिनिटं.

आरसा पालथा ठेवला. डोळे मिटून करणार. वस्ताद, ऐकतो हाताचं.

तोंड मिटलंय. दात दातांवर. पहिल्यांदाच मिटलंय. पंधरा दिवस आ वासत होता, आज मिटला. म्हणजे आज बरोबर—

गालाच्या आतून अंगठा घातला. उघडलं. चमचा खाचेत. बसला. नखाएवढीच.

एक पाव फेरा. आला. हाताला कळलं. सैल.

गरम. रक्त. हरकत नाही.

दुसरा. वर नाकाच्या मुळाशी कुणीतरी—नाही. माझंच हाड. माझं.

तिसरा

जबडा मिटला. बोटांवर. उजव्या हाताची दोन आत आहेत. सोडत नाही. डाव्याने लिहितो. वाकडं येईल.

चावतोय. मोजून.

एक बोट करवतीला दिलंय. आणखी दोन घे. त्यांच्यानेच फिरवतो, आतल्या आत, तुझ्या दातांखाली. चौथा

पाणी थांबलं.

तो हाक मारायला बघतोय. बोटं आत असल्यामुळे येत नाही त्याला. बोटं असू दे आत. पाचवा. चमचा निसटतो. नखाने. सहावा

दार. ती दारात. टॉवेल हातातून पडला तिच्या. काय बोलते ऐकू येत नाही. ये पोरी. उभी राहा तिथेच. बघ माझ्याकडे. डोळ्यांकडे

सातवा

ओठ हलतोय. मी हलवतोय. मी. आलं ओठांपाशी, थांब, ऐक, लिहितो पण आणि म्हणतो पण

खुं